दुखणे थांबले, पण दुखापत बरी झाली का?
कमरेच्या दुखापतीनंतर पुन्हा वजन उचलताना

वस्तीतल्या व्यायामशाळेत संध्याकाळी सातनंतर उभे राहायला जागा नसते. पत्र्याची एक खोली, दोन बाकडी, एक रॉड, गंजलेल्या प्लेटा आणि भिंतीला तडा गेलेला आरसा. कोणी पोलीस भरतीची तयारी करत असतो. कोणी दिवसभर गोदामात पोती उचलून आल्यावरही अर्धा तास डंबेल मारतो. अलीकडे सकाळच्या वेळेला मुलीही येऊ लागल्या आहेत. हे सगळे आम्हाला मनापासून आवडते. या पानावर आम्ही व्यायामाचा आग्रह नेहमीच धरला आहे आणि आजही धरणार आहोत.

पण या खोलीत एक दृश्य वारंवार दिसते. एखादा मुलगा कंबर धरून खाली बसतो. आठ-दहा दिवस येत नाही. मग परत येतो, पहिल्याच दिवशी जुन्या वजनाच्या प्लेटा चढवतो आणि पुन्हा कंबर धरून बसतो. या वेळी मात्र तो दोन-तीन महिने दिसत नाही. काही जण तर कायमचेच दिसेनासे होतात.

आमच्यापैकी एकाने ही चूक स्वतः केली आहे. ऐंशी किलोची डेडलिफ्ट मारताना त्याच्या कमरेत कळ आली. तीन दिवस तो अंथरुणात पडून होता. मग दुखणे कमी होण्याचे इंजेक्शन घेतले. नवव्या दिवशी काहीच दुखत नव्हते, म्हणून तो व्यायामशाळेत गेला आणि रॉडवर पुन्हा ऐंशी किलो लावले. तिसऱ्या वेळी उचलताना रॉड हातातून सुटला. पुढचे अडीच महिने त्याला वाकून चप्पलही घालता येत नव्हती. त्याच काळात भरतीची शारीरिक चाचणी झाली आणि ते वर्ष वाया गेले. पुढे फिजिओथेरपिस्टने त्याला एकच प्रश्न विचारला, "नवव्या दिवशी सुरुवात किती वजनापासून केलीस?" तो म्हणाला, "होतं तेवढंच."

हा लेख त्या "होतं तेवढंच"साठी आहे.

आत नेमके काय घडते?

स्नायू ताणला किंवा त्याचे काही धागे तुटले की शरीर लगेच दुरुस्तीला लागते. ही दुरुस्ती तीन टप्प्यांत होते. पहिले काही दिवस त्या जागी सूज आणि आग असते. नको असलेला मलबा साफ करण्याचे काम तेव्हा चालू असते. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांपर्यंत नवे धागे विणले जातात. पण हे धागे घाईघाईत, वेडेवाकडे विणलेले असतात. तिसऱ्या टप्प्यात ते ताणाच्या दिशेने सरळ होतात आणि पक्के बनतात. हा टप्पा कित्येक महिने चालतो.

दुखणे बहुतेक वेळा पहिल्या टप्प्याच्या शेवटी किंवा दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीलाच कमी होते. म्हणजे वेदना थांबते तेव्हा दुरुस्ती अर्धीही झालेली नसते.

बांधकामावर काम करणाऱ्यांना हे लगेच समजेल. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी वरून तो कडक लागतो, हात लावला तरी ठसा उमटत नाही. म्हणून कोणी लगेच सेंट्रिंग काढून त्यावर विटांचा ढीग रचत नाही. काँक्रीटची ताकद मोजताना २८ दिवसांचा हिशेब धरतात, आणि सुरुवातीचे दिवस त्यावर पाणी मारत राहावे लागते. दुखापतीचेही तसेच आहे. वरून कडक वाटले तरी आत ताकद यायची असते. आणि "पाणी मारत राहणे" म्हणजे योग्य प्रमाणात हालचाल चालू ठेवणे. पाणी मारलेच नाही तर स्लॅब कच्चा राहतो, घाईने भार टाकला तर कोसळतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्नायूंना रक्ताचा पुरवठा भरपूर असतो, म्हणून ते लवकर भरून येतात. स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, सांध्याला धरून ठेवणारे बंध आणि मणक्यांमधल्या गाद्या यांना रक्त कमी मिळते. ते हळू भरतात. म्हणून महिन्या-दीड महिन्याने दंड आणि मांड्या "आता जमेल" म्हणतात, तेव्हा आतले दोर अजून तयार नसतात. ताकद आली असे वाटत असतानाच दुसरी दुखापत होते, ती यामुळेच.

ही लक्षणे असतील तर व्यायाम नाही, आधी डॉक्टर

कमरेचे बहुतेक दुखणे साधे असते आणि काही आठवड्यांत कमी होते. पण पुढीलपैकी एकही लक्षण असेल तर वाट पाहू नका.

• लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, लघवी अडणे, किंवा बसण्याच्या जागी व मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता येणे. ही तातडीची अवस्था आहे. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे, गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

• पायात जोर न राहणे, चालताना पाऊल लोंबणे, किंवा पायातली बधिरता वाढत जाणे.

• उंचावरून पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे.

• पाठदुखीसोबत संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, भूक मंदावणे, वजन घटणे. क्षयरोग फक्त फुप्फुसांचा नसतो, तो मणक्यालाही होतो. दाटीवाटीच्या वस्तीत ही शंका मनात ठेवलीच पाहिजे. क्षयरोगाची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १,००० रुपये थेट बँक खात्यात जमा होण्याची सरकारी योजना आहे.

• रात्री झोपेतून उठवणारे, कुशीवर वळूनही कमी न होणारे दुखणे.

यातले काही नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. प्रत्येक कंबरदुखीला एमआरआय लागत नाही. ज्यांना काडीचाही त्रास नाही अशा पुष्कळ माणसांच्या एमआरआयमध्येसुद्धा "गादी सरकली" असे दिसते. केवळ तो कागद पाहून आयुष्यभर वजन न उचलण्याची शपथ घेऊ नये.

पहिला आठवडा: ना अंथरूण, ना रॉड

पूर्वी कंबर धरली की तीन आठवडे झोपून राहायला सांगत. आता वैद्यकशास्त्राने हा सल्ला सोडून दिला आहे. फार दुखत असेल तर एक-दोन दिवस आराम करावा, त्यानंतर सोसेल तितके चालावे. पाच मिनिटांच्या चार-पाच फेऱ्याही पुरेशा आहेत. पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने कमजोर होतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखऱ्या जागी जोरात तेल रगडू नये. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवला तर आराम पडतो. त्यानंतर शेक बरा वाटत असेल तर शेक घ्यावा. हाड बसवणाऱ्याकडे जाऊन कंबर "कडकन" मोडून घेऊ नये. नस दबलेली असेल तर त्या एका झटक्याने पायातली ताकद जाऊ शकते. अंगारा लावून किंवा कमरेला दोरा बांधून स्नायूचे धागे विणले जात नाहीत, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पण "अमक्याच्या हाताला गुण आहे" म्हणत आपणही कधी कधी तिथेच जातो, म्हणून सांगावे लागते.

दुखणे कमी करणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, जेवणानंतर आणि थोडेच दिवस घ्यावी. उपाशीपोटी आणि रोजच्या रोज घेतली तर जठराला व मूत्रपिंडाला इजा होते. आणि गोळी घेऊन व्यायामाला कधीही जाऊ नये. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. त्याला झोपवून घर उघडे टाकण्यासारखेच ते आहे.

परत कधी जायचे? पाच कसोट्या

"किती दिवसांनी जाऊ?" असे सगळे विचारतात. दिवस मोजण्यापेक्षा पुढील पाच प्रश्नांची उत्तरे पाहावीत.

१. सकाळी उठून तोंड धुणे, चप्पल घालणे, शौचाला बसून उठणे हे सगळे न कण्हता होते का?

२. सलग अर्धा तास नेहमीच्या गतीने चालता येते का?

३. पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना पूर्वीइतके वाकता येते का?

४. रात्रीची झोप दुखण्यामुळे मोडत नाही ना?

५. गेले चार-पाच दिवस गोळी न घेता हे सगळे जमते का?

पाचही उत्तरे मनासारखी असतील तर व्यायामशाळेत जायला हरकत नाही. पण जायचे ते नव्याने शिकायला आलेल्या मुलासारखे.

वजन हेच औषध होऊ शकते

दुखापत झाली की घरचे म्हणतात, "आता ते वजनबिजन बंद." त्यांची काळजी खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. योग्य प्रमाणात वजन उचलणे हाच बरे होण्याचा मार्ग असू शकतो. यामागे एक इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत थॉमस डीलॉर्म नावाचे लष्करी डॉक्टर होते. लहानपणी आजाराने अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी स्वतः वजने उचलून शरीर कमावले होते. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे व मांड्या जायबंदी झालेल्या सैनिकांची गर्दी झाली होती. तेव्हाची रीत अशी की अशा रुग्णाने हलका व्यायाम पुष्कळ वेळा करावा. डीलॉर्म यांनी उलट केले. वजन जास्त, वेळा कमी, आणि वजन पायरीपायरीने वाढवत न्यायचे. सैनिक लवकर उभे राहू लागले. १९४५ साली त्यांनी ही पद्धत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पुढे १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्यासोबत त्यांनी ती सोपी केली. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते ते शोधायचे. पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण वजनाने आणि तिसरा पूर्ण वजनाने, प्रत्येकी दहा वेळा. आज जगभर व्यायामशाळांत "तीन सेट, दहा वेळा" म्हणतात, त्याचे मूळ हे असे जखमी माणसांच्या उपचारात आहे.

आपण घ्यायचा तो धडा "पायरीपायरीने" या शब्दात आहे. दुखापतीनंतर सुरुवातीला "जेमतेम दहा" इतके वजन शोधायच्या भानगडीत पडू नका. दहा वेळा उचलल्यावर आणखी तीन-चार वेळा सहज जमले असते असे वाटेल, तेच तुमचे वजन.

चार पायऱ्या

पहिली पायरी, वजनाशिवाय. रोज वीस-तीस मिनिटे चालणे. घरात चटईवर तीन व्यायाम करावेत. उताणे झोपून, गुडघे मोडून कंबर वर उचलणे. गुडघे-हात टेकून एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सरळ लांब करणे. कुशीवर कोपर व गुडघे टेकून कंबर जमिनीपासून वर धरणे. शेवटचे दोन दोन्ही बाजूंनी करावेत. प्रत्येक स्थिती दहा सेकंद धरावी आणि पाच-सहा वेळा करावी. श्वास रोखू नये.

दुसरी पायरी, स्वतःच्या शरीराचे वजन. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणे, दहा-बारा वेळा. भिंतीला हात टेकून जोर मारणे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे वाकायला नव्याने शिकणे. पाठीवर उभी काठी धरावी. ती डोके, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकलेली हवी. आता गुडघे किंचित मोडून, ढुंगण मागे नेत वाकावे. काठी तिन्ही जागी टेकलेली राहिली तर तुम्ही कमरेतून न मोडता खुब्यातून वाकत आहात. जोवर हे आरशात न पाहता जमत नाही तोवर रॉडला हात लावू नये.

तिसरी पायरी, हलके वजन. सुरुवातीला पाण्याची बाटली किंवा अर्धी बादलीही चालते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशेब सोपा आहे. मग रॉड. पण रॉड जमिनीवरून न उचलता दोन्ही बाजूंना विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून गुडघ्याच्या उंचीवरून उचलावा. वजन जुन्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी. दोन-तीन सेट, दहा-बारा वेळा. आठवड्यातून दोनदा, आणि मध्ये किमान दोन दिवस सुट्टी.

चौथी पायरी, हळूहळू वाढ. आठवड्याला साधारण दहा टक्के, त्याहून जास्त नाही. आमच्या त्या ऐंशी किलोवाल्याने दुसऱ्या वेळी जे केले ते असे: पहिले दोन आठवडे ४० किलो, तिसऱ्या आठवड्यात ४५, चौथ्यात ५०, आणि असेच पाच-पाच किलो वाढवत दहाव्या आठवड्यात ८०. विटाही एकेक करून काढल्या. एका आठवड्यात वजन वाढवले तर विट काढायची नाही, विट काढली तर वजन वाढवायचे नाही. एका वेळी एकच बदल, हा नियम त्याने वहीत लिहून ठेवला होता. मध्ये एका आठवड्यात कंबर कुरकुरली तेव्हा तो मागच्या वजनावर गेला आणि अकरा आठवडे लागले. एका आठवड्याने काही बिघडले नाही.

रॉडचे वजन धरायला विसरू नका. स्पर्धेचा पुरुषांचा रॉड २० किलोचा असतो, पण वस्तीतल्या व्यायामशाळांतले रॉड सहा किलोपासून पुढे कितीचेही असतात. भंगारवाल्याच्या काट्यावर एकदा वजन करून रॉडवर रंगाने लिहून टाका. प्लेटांचेही तसेच.

किती दुखले तर चालेल?

शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी पट्टी मनाशी धरा. व्यायाम करताना दुखणे तीनपर्यंत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आले तर पुढे जायला हरकत नाही. चार-पाचवर गेले तर वजन कमी करा. त्याच्याही वर गेले, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर आदल्या दिवसापेक्षा जास्त आखडली, तर एक पायरी खाली उतरा.

व्यायामाचे अंग दुखणे आणि दुखापतीचे दुखणे यांतला फरकही ओळखावा. अंग दुखते ते दुसऱ्या दिवशी, दोन्ही बाजूंना, पसरट, आणि दोन-तीन दिवसांत जाते. दुखापतीची कळ त्याच क्षणी येते, एका जागी टोचते, किंवा पायात खाली उतरते. पायात मुंग्या आल्या तर त्या दिवशीचा व्यायाम तिथेच संपला.

व्यायामशाळेबाहेरचे वजन

श्रीमंत वसाहतीतला मुलगा व्यायामशाळेतून घरी जाऊन विश्रांती घेतो. आपल्याकडे तसे नसते. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर जवळजवळ तीस किलोचा असतो. सिमेंटचे पोते पन्नास किलोचे. तिसऱ्या मजल्यावर पाण्याची पंधरा लिटरची बादली दहा वेळा नेली तर दीडशे किलो पाणी जिन्याने चढवले. हे सगळे तुमच्या कमरेच्या खात्यात जमा होते. ज्या दिवशी कामावर भारी उचल झाली, त्या दिवशी व्यायामशाळेत रॉड नको, चालणे पुरे. जयंतीच्या मंडपाचे बांबू आणि स्पीकर उचलण्याचे दिवसही यातच धरा.

घरातल्या बाईच्या कमरेला दुखापत झाली तर तिच्यासाठी हा हिशेब कोणी मांडत नाही. तिचा हंडा, धुण्याची बादली आणि कडेवरचे मूल तसेच चालू राहते, आणि मग "हिची कंबर काही बरी होत नाही" असे आपणच म्हणतो. सहा आठवडे पाणी भरण्याचे आणि सिलिंडर ओढण्याचे काम घरातल्या तरण्याबांड मुलांनी घ्यावे. वर सांगितलेल्या पहिल्या दोन पायऱ्या तिलाही तशाच लागू आहेत, आणि तिसरीही. बाईने वजन उचलू नये असे कुठलेही शास्त्र सांगत नाही.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि ७.२६ किलोचा गोळा, मुलींना ८०० मीटर व १०० मीटर धावणे आणि ४ किलोचा गोळा. गोळाफेकीत कमरेला वेगाने पीळ बसतो. म्हणून कमरेच्या दुखापतीनंतर रॉड जमू लागला म्हणजे गोळाही जमेल असे समजू नये. क्रम असा ठेवा: आधी चालणे, मग सावकाश धावणे, मग वेग, आणि सर्वांत शेवटी गोळा. गोळासुद्धा आधी हलका घ्या आणि जागेवर उभे राहून टाका.

तारीख जवळ असेल तर मनाची घालमेल होते, हे आम्ही जाणतो. पण आठ आठवडे हाती असताना चार आठवडे शिस्तीने पायऱ्या चढणारा मुलगा मैदानावर उभा तरी राहतो. पहिल्याच आठवड्यात सगळे करून पाहणारा बहुधा घरीच राहतो.

सोप्या वाटेची आमिषे

"ताकदीचे इंजेक्शन" म्हणून जे दिले जाते ते पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने स्नायू फुगतात, पण दोर तितके मजबूत होत नाहीत आणि ते तुटण्याचा धोका वाढतो. हृदय, यकृत आणि पुरुषाची प्रजननक्षमता यांवरही परिणाम होतो. "सांधेदुखीवर रामबाण" म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्येही स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. पुडीवर काय आहे ते छापलेले नसेल तर ती घेऊ नये.

कमरेचा पट्टा आधार देतो, ताकद देत नाही. भारी वजनाच्या वेळी लावावा, दिवसभर नाही.

तंबाखू, गुटखा आणि विडी-सिगारेट यांबद्दल आम्ही पुन्हा पुन्हा लिहितो. इथे एवढेच सांगतो की धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड व जखम भरायला जास्त वेळ लागतो. दुखापत झाली आहे, हे निमित्त सोडायला चांगले आहे.

ताटात काय हवे?

नवे धागे विणायला प्रथिने लागतात. या काळात शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने मिळावीत. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. यासाठी महागड्या पावडरीच्या डब्याची गरज नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत सुमारे २५ ग्रॅम, शंभर ग्रॅम भाजलेल्या चण्यांत सुमारे २० ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम. डाळ, मासे, चिकन आहेच. सुकट आणि सुके बोंबीलही प्रथिनांनी भरलेले असतात, फक्त मीठ धुऊन घ्यावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आणि सात-आठ तास झोप हवी. दुरुस्तीचे पुष्कळ काम झोपेतच होते.

मदत कुठे मिळेल?

मोठ्या सरकारी आणि महानगरपालिकेच्या रुग्णालयांत, विशेषतः वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या, फिजिओथेरपीचा विभाग असतो. खर्च खाजगीपेक्षा फारच कमी येतो. तिथे एकदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्यावेत, मग घरी करता येतात.

ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांची ईएसआयसीची वर्गणी कापली जाते, त्यांनी आपला हक्क विसरू नये. वर्गणीची अट पूर्ण असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. दुखापत कामावर असताना झाली असेल तर ९० टक्के. त्यासाठी दुखापतीची नोंद त्याच दिवशी करून घ्या आणि डॉक्टरांचा दाखला जपून ठेवा. रोजी बुडेल या भीतीने चौथ्या दिवशी पोते उचलणाऱ्यांपैकी कित्येकांना हा हक्क असतो आणि माहीत नसतो.

खांदा, गुडघा किंवा हाड मोडणे यांच्या पायऱ्यांचे व्यायाम वेगळे आहेत, पण नियम हेच. खांद्याच्या दुखापतीत डोक्यावरचे वजन सर्वांत शेवटी. गुडघ्याच्या दुखापतीत दुखरा पाय चांगल्या पायाच्या जवळपास, म्हणजे नव्वद टक्क्यांपर्यंत ताकदीचा झाल्याशिवाय उड्या आणि वेगाने वळणे नाही. हाड मोडले असेल तर ते जुळल्याचे एक्स-रे पाहून डॉक्टरांनी सांगेपर्यंत त्यावर भार नाही.

शेवटी व्यायामशाळा चालवणाऱ्यांना आमची एक विनंती. दाराजवळ एक वही दोरीला बांधून ठेवा. दुखापतीनंतर परत येणाऱ्याने तीत रोज चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, वजन, किती वेळा उचलले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखले. आणि तो आल्यावर "अरे, एवढंच?" असे कोणी म्हणणार नाही एवढे पाहा. त्या एका वाक्याने जितक्या कंबरा गेल्या तितक्या रॉडने गेल्या नसतील. चाळीस किलोचा रॉड उचलणाऱ्या त्या मुलाच्या शेजारी उभे राहा, त्याची पाठ सरळ आहे का ते पाहा आणि त्याला त्याचे दहा आठवडे पूर्ण करू द्या.